मास्तरणीला लागणारा दोर

स्टोनी फोर्क, वायोमिंग
३ जून १९९६

क्लेल,

हे पत्र तुझ्याच हातात पडलं की दुसऱ्या कुणाच्या, ते मला कळायला काही मार्ग नाही. पत्ता एका खोगीरवाल्याकडून मिळाला. तो म्हणाला, ऑरेगॉनात ऑस्ट्रँडर नावाचा एक म्हातारा जुनी खोगिरं दुरुस्त करतो, उजवा पाय ओढत चालतो आणि गिऱ्हाइकाशी कामापुरतंही बोलत नाही. मी म्हटलं, मग तोच.

अडतीस वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करतात? सहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही हे तुला माहीत आहे. आमच्या घरची पत्रं माझी थोरली बहीण, ओपल, लिहिते. तिचा नवरा गेल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. ती आता ऐंशीला आली, पण माझ्यावर ओरडायला तिला अजून दम लागत नाही. हे पत्र मी तिला दाखवलेलं नाही. ती कोंबड्यांकडे गेली की लिहितो आणि दार वाजलं की वर्तमानपत्राखाली सरकवतो.

कामाचं सांगतो. आपल्या जत्रेतल्या उधळत्या घोड्यांच्या खेळाला, रोडिओला, यंदा ऑगस्टात पन्नास वर्षं पूर्ण होतात. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये नाच आहे. या खेपेला फक्त जुनी गाणी वाजवायची, असं कमिटीनं ठरवलंय. फिडल, स्टील गिटार आणि माणसाचा आवाज, बस. गेली काही वर्षं बाहेरची पोरं बोलावत होते. धूर सोडायची, दिवे फिरवायची, घोडा फक्त त्यांच्या पट्ट्याच्या बकलावर. लोक उभे राहून बघायचे आणि नऊला घरी जायचे. नाचायला कुणी उठायचंच नाही. म्हणून आता जुनं. आणि जुनं म्हटलं की इथं पहिलं नाव निघतं ते तुझ्यावरच्या त्या गाण्याचं.

तर कमिटीचं म्हणणं असं, की गाण्यातला माणूस जिवंत आहे, तर त्याला बोलवा. मिरवणुकीत पहिल्या गाडीवर बसवा. संध्याकाळी त्याच्यासमोर गाणं म्हणा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'तुम्ही दोघं तर जिवलग. तूच लिही.' मी हो म्हणालो. नाही म्हणून काय करतो?

म्हणून कळवतो आहे. पण क्लेल, तू काही भिडेला पडून येऊ नकोस. आठशे मैल तरी असतील. तुझ्या कमरेला एवढा प्रवास झेपायचा नाही. ऑगस्टात इथं धूळ किती असते तुला ठाऊक आहे. हॉटेलं आत्ताच भरलीत. ओपलकडे एक खोली आहे, पण तीत मांसाचा फ्रीझर ठेवलाय आणि तो रात्रभर घरघरतो. नाही जमत असं दोन ओळींत कळव, मी ती कमिटीला दाखवेन. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

पाकिटावर एक तिकीट पुरेल की दोन, कळत नाही. दोन लावतो.

व्हर्ल हॅडलॉक


१९ जून

क्लेल,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड कशाला पाठवलंस? आमची टपालवाली नवी आहे, शिकागोकडची. कार्ड द्यायला दारापर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, "काका, हे काय हो? 'मास्तरणीला किती दोर लागायचा ते लिही. मग यायचं का ते ठरवतो.' दोर कसला? मास्तरीण कोण?"

मी म्हटलं, घोडी. बिथरं घोडं, आणि पुष्कळ पुरुषांना तिनं आयुष्यभराचं शिकवलं म्हणून नाव मास्तरीण. बाईला तेवढ्यानं समाधान होईना. मग सांगावं लागलं, की घोडं आधी फळ्यांच्या अरुंद कप्प्यात उभं करतात, तिथंच स्वार त्याच्यावर बसतो आणि मग फाटक उघडतात. उधळणाऱ्या घोड्यावर खोगीर घालून बसतात तेव्हा स्वाराच्या हातात एकच जाड दोर असतो, घोड्याच्या तोंडाच्या पट्ट्याला बांधलेला. तो कुठं धरायचा ते खोगिराच्या पुढच्या उंचवट्यापासून हातानं मोजतात. कुणाला नुसती मूठ, कुणाला मूठ आणि अंगठा, कुणाला आणखी बोटं. जे घोडं मान खाली घालतं त्याला दोर जास्त सोडावा लागतो. तोकडा धरला तर घोडं तुम्हाला मानेवरून पुढं ओढून नेतं. लांब धरला तर हातात काही राहतच नाही. आठ सेकंद टिकायचं असतं आणि सगळं त्या एक-दोन बोटांच्या फरकावर.

"मग हे कोण ठरवतं?" म्हणाली.

"जो त्या घोड्यावर आधी बसलाय त्याला विचारायचं."

"आणि त्यानं खोटं सांगितलं तर? तो तर तुमच्याच विरुद्ध खेळणारा ना?"

मी म्हटलं, असं कुणी करत नाही. आणि दार लावून घेतलं. स्टोव्हवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं.

तुझ्या प्रश्नाचं काय सांगू? अडतीस वर्षं झाली. किती घोडी, किती गावं. माझं डोकं आता गाळणीसारखं झालंय, सकाळी गोळी घेतली का ते दुपारी आठवत नाही. मूठ असावी बहुतेक. गाण्यात तर मूठच आहे.

गाण्याचं तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. ते मी कुठं छापलं नाही, तबकडी काढली नाही, तरी ते इकडच्या तीन तालुक्यांत पोचलं. त्याची तीन ठोक्यांची संथ चाल म्हाताऱ्या गुडघ्यांना पेलते. बाया चुलीपाशी म्हणतात. थ्रेनबाईनं नवऱ्याच्या अंत्यविधीला म्हणायला लावलं, आणि तो बिचारा गायी राखणारा, उभ्या जन्मात बिथऱ्या घोड्यावर बसला नव्हता. मी तिला विचारलं, हेच का? म्हणाली, "तो रोज थकून यायचा आणि बूट काढताना काही बोलायचा नाही. या गाण्यात तसं आहे."

यावर मी पुष्कळ विचार केलाय. दुसरं कामच काय उरलंय! जिंकणाऱ्यावर कुणी गाणं रचत नाही. रचलं तरी पुन्हा ऐकायला मागत नाही. पहाटे चारला उठून तारेची कुंपणं ओढणाऱ्या माणसाला जिंकणं माहीत नसतं. त्याला पडणं माहीत असतं, आणि पडल्यावर टोपी शोधणं. कुणीतरी तेच सुरात म्हणतं, तक्रार न करता, तेव्हा त्याला आपण शहाणे असल्यासारखं वाटतं. आणि गाण्यात आपल्या कामाची चूक नको. खोगिराचा पट्टा कुठल्या बाजूनं आवळतात ते बरोबर असलं, की बाकीचं सगळं लोक खरं धरतात.

तुझी तब्येत कशी आहे ते कार्डावर लिहायचं राहिलं. यायची घाई करू नकोस.

व्हर्ल


७ जुलै

क्लेल,

दुसरं कार्ड मिळालं. पहिल्यासारखंच. तोच प्रश्न, खाली आणखी काही नाही, सहीसुद्धा नाही.  टपालवालीनं या वेळी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते जास्त वाईट.

गाणं म्हणणार आहे डार्सी. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती तू गेल्यावर आठ-दहा वर्षांनी जन्मली. मास्तरीण जिच्या आजोबांची होती ती ही प्रुइटांची नात. आता रेडिओवर सकाळची जुनी गाणी लावते आणि फिडल अशी वाजवते, की ओपलसुद्धा भांडी घासायची थांबते. ती परवा चाल बसवायला आमच्याकडे आली. स्वयंपाकघरात बसलो. मी गिटारवर, ती फिडलवर. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला ती थांबली.

तिसरं कडवं तुला पाठ असेल किंवा तू ते मुद्दाम विसरला असशील, म्हणून लिहितो.

नाही विचारलं कुणाला त्यानं, मूठभर दोर धरला,
मास्तरणीनं मान झुकवली, गडी मातीत शिरला.

"व्हर्लकाका," म्हणाली, "ही ओळ माझ्या तोंडातून निघत नाही."

"का? स्वर उंच जातो का?"

"स्वर नाही हो. न विचारणारा माणूस मी पाहिलाच नाही. आमच्या अंगणात वाढले मी. एकेक गर्विष्ठ स्वार पाहिलेत. बायकोशी बोलत नाहीत, देवाला जुमानत नाहीत, पण कप्प्यापाशी आले की टोपी मागं सारून विचारतात, 'हिला किती?' मेलेल्या वैऱ्याला उठवून विचारतील. आणि आजोबा म्हणायचे, मास्तरीण नाक गुडघ्याला लावायची, तिला मुठीपेक्षा बराच सोडावा लागे. जे जे तिच्यावर बसले त्यांना हे माहीत होतं. मग या क्लेललाच काय झालं होतं?"

"तरुण होता," मी म्हटलं.

ओपल पीठ मळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "तरुण तर तूही होतास. तू कधी न विचारता बसलास?"

"तू मधे बोलू नकोस, ओपल."

"माझ्या स्वयंपाकघरात मी मधे नाही बोलणार तर काय गोठ्यात जाऊन बोलू?"

डार्सीनं फिडल पेटीत ठेवली. म्हणाली, बाकीचं गाणं सोन्यासारखं आहे, या एका ओळीचं बघा काहीतरी. रागावली नव्हती. त्यामुळे मला बसवेना. कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून उठलो. ओपलनं ते आधीच टाकले होते. कोंबड्यासुद्धा माझ्याकडे बघत राहिल्या.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मूठ, अंगठा आणि वर दोन बोटं. आठवलं. आदल्या महिन्यात मी तिच्यावर बसलो होतो, पाच सेकंद, आणि तिनं खरंच नाक गुडघ्याला लावलं होतं. तू विचारलंस तेव्हा माझ्या डोक्यात दुसरी कुठली तरी घोडी आली असेल. तेव्हा आपण आठवड्याला तीन गावं करत होतो, झोप नाही, जेवण म्हणजे पाकिटातले बिस्किटांचे चुरे. घोळ होतो माणसाचा. मी सांगितलं ते चुकीचं होतं, एवढं मी कबूल करतो.

आता ठरव तुझं तू. माझा हात दुखतोय.

व्हर्ल


२२ जुलै

क्लेल,

पंधरा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. रोज पेटीपर्यंत जातो. माझं मागचं पत्र तुला पटलं नाही हे मला कळतं. मला स्वतःलाही ते पटलं नाही. ते पाकीट चिकटवतानाच कळलं होतं.

आज ओपल दिवसभर डॉक्टरकडे आहे. घरात कुणी नाही. लिहून टाकतो.

माझा घोळ झाला नव्हता.

रविवारची शेवटची फेरी. तुझ्या वाट्याला मास्तरीण आली होती. तू कप्प्याच्या फळीवर चढून बसला होतास, खोगीर आवळत होतास. दोर हातात घेऊन तू मला विचारलंस, "हिला किती, व्हर्ल?" मी शेजारच्या फळीवर होतो, तुझ्या एवढा जवळ की तुझ्या शर्टाचं एक बटण तुटलेलं मला दिसत होतं. मला माप माहीत होतं. आता हे पत्र दिसतंय तसं ते मला दिसत होतं. आणि मी म्हटलं, "नुसती मूठ. मान वरच ठेवते ती."

तू पुन्हा विचारलं नाहीस. मोजलंस आणि मान हलवलीस. फाटक उघडलं.

का, ते सांगतो. तो टेक्सासचा माणूस तुला हिवाळ्यातल्या मोठ्या रोडिओंना बरोबर न्यायला आला होता. त्याच्या गाडीत एकच जागा होती. तू रविवारी जिंकलास तर तू जाणार, असं तुम्ही नाश्त्याला बोललात. मी समोर बसलो होतो. तू मला विचारलंसुद्धा नाहीस, की व्हर्ल, तू काय करशील. सहा उन्हाळे आपण एका ट्रकमध्ये झोपलो होतो. तू गेलास तर मी घरी जाऊन बापाबरोबर गवत कापणार, एवढंच माझं उरत होतं. मला वाटलं, पडू दे. हसतील लोक, हा धूळ झटकेल, पुढच्या शनिवारी आपण दोघं पुढच्या गावाला. घोडी अंगावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शपथेवर सांगतो. पण शपथ घेणारा कोण आहे ते तुला माहीत आहे.

आणि गाणं. दवाखान्याबाहेर ट्रकमध्ये बसून मी ते रचलं. आत यायचं धाडस होत नव्हतं, म्हणून गिटार काढली. मी सगळं खरं लिहिलं, क्लेल. घोडीच्या डाव्या कानाची चीर, वाऱ्यानं पडलेली टोपी, तुला उचलायला धावलेल्या दोन स्वारांच्या घोड्यांचे रंग. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती एक ओळ ठेवली. बाकी सगळं खरं होतं, म्हणून ती कुणाला दिसली नाही.

मग तुझ्या खाटेपाशी येऊन मी ते तुला म्हणून दाखवलं. मला वाटलं, गाणं आहे, तुझं नाव राहील, तुला बरं वाटेल. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मी विचारलं होतं, व्हर्ल."

मी काय म्हणालो ते आठवतं? मी म्हणालो, "ते यमकात बसत नव्हतं."

तू भिंतीकडे तोंड केलंस. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की त्याला भरून आलं.

मला एक कळत नाही. तू कुणाला बोलला का नाहीस? एक शब्द टाकला असतास तर गावानं मला कप्प्याजवळ उभं राहू दिलं नसतं. तू बोलला नाहीस आणि गेलास. मी इथं राहिलो, आणि तूच गर्विष्ठ ठरलास. गेली तीस वर्षं पोरं मलाच येऊन विचारतात, अमक्या घोड्याला किती. मी सगळ्यांना बरोबर सांगितलंय. एकदाही चुकलो नाही. अंथरुणात पडून घोड्यांची मापं घोकतो, जपमाळ ओढल्यासारखी.

काल डार्सीला सांगितलं. ओपलसमोरच. ओपलनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "अडतीस वर्षं मी ते गाणं म्हणत भाकऱ्या भाजल्या." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "माझी नको मागू. मी नव्हते घोडीखाली."

डार्सी म्हणाली, ओळ बदला. मी म्हटलं, बदललेली बसत नाही. ती म्हणाली, "बसेल. फिडल तिथं थांबवते. तुम्ही म्हणा."

नाचाच्या शनिवारी ते कडवं मी म्हणणार आहे. तू ये किंवा येऊ नकोस. ये असं म्हणण्याचा मला हक्क नाही. पण त्या खोलीतला फ्रीझर ओपलनं शेजारच्या पोरांकडून काढवून व्हरांड्यात ठेवलाय. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

व्हर्ल


१३ ऑगस्ट

क्लेल,

तू रविवारी न सांगता निघून गेलास, म्हणून उरलेलं कळवतो. ऑरेगॉनला पोचशील तेव्हा हे पत्र तिथं असेल, किंवा मागून येईल.

शनिवारचं तू पाहिलंस. तू दाराजवळ उभा होतास हे मला गाणं सुरू होईपर्यंत दिसलं नव्हतं. माणूस एवढा बारीक होतो? काठी नसती तर मी ओळखलं नसतं. पहिल्या दोन कडव्यांना सगळा हॉल नाचत होता, थ्रेनबाई तिच्या नातजावयाबरोबर. तिसऱ्याला डार्सीनं फिडल थांबवली आणि मी म्हटलं,

मला विचारलं होतं त्यानं, मीच तोकडा सांगितला,
मास्तरणीनं मान झुकवली, गडी मातीत शिरला.

माझा आवाज फाटला. लोकांना पहिल्यांदा वाटलं म्हातारा ओळ विसरला. मग एकेक जोडी थांबली. बुटांचा आवाज असा थांबत जाताना मी कधी ऐकला नव्हता, गारा थांबतात तसा. चौथं कडवं डार्सीनं एकटीनं पुरं केलं. कुणी टाळी वाजवली नाही. मी मंचावरून उतरलो तेव्हा लोकांनी वाट दिली. जरा जास्तच रुंद दिली.

तू पुढं येशील असं मला वाटलं. मारशील असंही वाटलं, आणि त्याची तयारी म्हणून मी उतरतानाच दाताची कवळी काढून खिशात ठेवली होती. तू नुसता म्हणालास, "चाल अजून संथच आहे." आणि ओपलबरोबर घरी गेलास. ओपल म्हणते तू तीन वाट्या सूप प्यालास आणि दवाखान्याचं एक अक्षर बोलला नाहीस. मी ट्रकमध्ये झोपलो. ते बरंच झालं.

रविवारी सकाळी कप्प्यामागं मी गेलो तो सवयीनं. माझी नेहमीची जागा, तिसरी फळी. पोरं खोगिरं आवळत होती. एरवी मला दहा जण विचारतात. त्या दिवशी कुणी बघेना. एक जण माझ्या पुढ्यातून गेला आणि पलीकडच्या माणसाला विचारायला लागला, आणि पलीकडच्याला ते घोडं ठाऊक नव्हतं. मी ऐकत होतो, मला माप माहीत होतं आणि मी तोंड उघडू शकत नव्हतो. यात अन्याय काही नाही, हे मला कळत होतं. 

मग तू आलास, काठी टेकत. माझ्या शेजारी उभा राहिलास. आणि तो टॉल्लेफसन आला, उंच, दोन मुलांचा बाप, हातात दोर. त्याच्या वाट्याला ती राखाडी घोडी आली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. आणि तुला विचारलं.

"ऑस्ट्रँडरकाका, या राखाडीला किती?"

तू म्हणालास, "मी या गावात अडतीस वर्षांनी आलोय. मला काय माहीत? त्याला विचार."

तो हलेना. म्हणाला, "त्यांना?"

"त्याला माहीत असतं," तू म्हणालास. "नेहमीच माहीत असायचं."

हे तू कसं म्हणालास ते मी दोन दिवस डोक्यात घोळवतोय. त्यात माफी होती का, का टोमणा होता? तुझा चेहरा नेहमीसारखाच. मला विचारायचं होतं. पण तो पोरगा दोर धरून माझ्यासमोर उभा होता. मी सांगितलं, मूठ आणि दोन बोटं, अंगठा नको.  मी त्याच्या दोरावर बोटं ठेवून दाखवलं. त्यानं पुन्हा तुझ्याकडे पाहिलं. तू रिंगणाकडे बघत होतास. मग त्यानं मोजलं.

मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मागं वळलो तर तू नव्हतास. तुझी गाडी वळणावर दिसली. तू फाटक उघडायचीसुद्धा वाट पाहिली नाहीस. तुझ्याच्यानं बघवणार नव्हतं, की तुला बघायची गरज नव्हती, मला कळलं नाही.

म्हणून लिहितो. फाटक उघडलं. राखाडी सरळ वर गेली, मग उजवीकडे वळली, मान खाली. मी डोळे मिटणार होतो. पण मला वाटलं, निदान एकदा बघितलंच पाहिजे, सगळंच्या सगळं. टॉल्लेफसन चांगला बसला होता. सहा सेकंद. मग त्याची उजवी रिकीब सुटली आणि तो बाजूला उडाला. बाजूला, क्लेल, पुढं नाही. मातीत आपटला, लोळला, उठून बसला. घोडी एकटीच पलीकडच्या फाटकाकडे गेली.

मी फळी धरून उभा होतो. तो टोपी उचलून माझ्याच बाजूनं लंगडत आला. सगळ्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर म्हणणार, की माप खोटं होतं. तो थांबला, तोंडातली माती थुंकला आणि म्हणाला,

"दोर बरोबर होता, काका. पाय माझाच सुटला."

आणि खोगीर उचलायला गेला.

व्हर्ल